वरच्या सुरातला माझा अर्धा वाटा

मित्रांनो, मला तीन पाय आहेत, पण जन्मात एक पाऊलही चालता आलेलं नाही. मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. ट्रान्झिस्टर म्हटलं की लोकांना खांद्याला अडकवायचा रेडिओ आठवतो. तो मी नव्हे. त्या रेडिओच्या पोटात पत्र्याची टोपी घातलेले वाटाण्याएवढे दाणे असतात, त्यांतला मी एक. माझ्या आत जर्मेनियमचा कण आहे आणि स्वभाव तापट आहे. जरा ऊन लागलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

उमेदीची वर्षं मी एका रेडिओत बातम्या ऐकण्यात घालवली. तो रेडिओ बंद पडला आणि मी एका दुरुस्तीच्या दुकानात, पत्र्याच्या डब्यात येऊन पडलो. डब्यात माझ्यासारखे ऐंशी-नव्वद जण होते. कुणी कुणाशी बोलत नसे. सगळेच कुठून तरी उपटून आणलेले, बोलणार काय?

दुकानदाराची लेक गिटार वाजवायची. एकदा ती बाबांना म्हणाली, "बाबा, मी एक सूर वाजवला की त्याच्या डोक्यावर वरच्या सप्तकातला तोच सूर वाजला पाहिजे. असं काही करता येईल?"

"वरचा सूर काय, झाडावरून तोडून आणू?" बाबा म्हणाले. पण दुसऱ्या सकाळी ते आमचा डबा उपडा करून बसले होते.

ही करामत ऐका. सूर म्हणजे एक हेलकावा, वर आणि खाली. एक ट्रान्झिस्टर त्या सुराच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती करतो. मग पुढचे दोघं त्यांतला अर्धा अर्धा भाग उचलतात. खाली जाणारा हेलकावासुद्धा उलटा होऊन वर येतो. तेवढ्याच वेळात एका हेलकाव्याचे दोन झाले, म्हणजे सूर दुप्पट उंच झाला. मात्र ते दोघं अगदी सारख्या ताकदीचे लागतात. एक जरी उणा पडला, तरी वरचा सूर गायब.

बाबा आम्हाला एकेक करून मीटरला लावत. चिमट्याने उचलत आणि तरीही दहा मिनिटं थांबत, कारण बोटांच्या उबेनेही आमचा आकडा बदलतो. लेक कंटाळून म्हणायची, "घ्या ना कुठलेही दोन!" बाबा म्हणायचे, "ठमे, गरम डोक्याचं माप घेऊ नये." अठरा सकाळी असं चाललं. शेवटी माझी जोडी जमली. बाबांनी लेकीच्या नखांचं लाल पॉलिश आणून आम्हा दोघांच्या टोप्यांवर एकेक ठिपका दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं मिळालं.

आम्ही गिटारीला जोडायच्या एका छोट्या डब्यात शेजारी शेजारी बसलो आणि खूप गायलो. आमचे नखरेही होते. दोन सूर एकदम छेडले तर आम्ही कढई खरवडल्यासारखे ओरडायचो. पण गिटारीच्या दांडीवरच्या मधल्या पट्टीच्या पुढे, एकच सूर, जरा मऊ करून वाजवला, की सभागृहातली माणसं दुसरं कोण वाजवतंय म्हणून मान उंचावून बघायची. टाळ्या लेकीला मिळत. आम्हाला झाकणाआडून ऐकू यायच्या, तेवढ्यावर आम्ही खूश होतो. बाबा मात्र कधी आले नाहीत. दुकान सोडून कसं येऊ, म्हणायचे. पुढे लेक दुसऱ्या गावी राहायला गेली.

मग एका भर दुपारी उघड्या मैदानात कार्यक्रम झाला. डबा उन्हात तापला, आम्ही दोघं भेलकांडलो आणि सूर घशातच अडकला. लेकीची फजिती झाली. सावलीत दहा मिनिटं ठेवलं असतं, तर आम्ही आपोआप शुद्धीवर आलो असतो. पण बाबांना विचारावं तर त्यांनी पहिलं "थांबलीस का?" हेच विचारलं असतं, आणि नेमकं तेच तिला ऐकायचं नव्हतं. ती रागाने तडक जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली.

"ताई, यातल्या एकातून करंट गळतोय," तो म्हणाला. "नवा टाकलाय. आता बघायला नको." गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून जुना पार्ट परत द्यायची त्यांची रीत. त्याने माझ्या जोडीदाराला कागदाच्या पुडीत घालून तिच्या हातावर ठेवलं.

नवा शेजारी वाईट नव्हता. काळा, चकचकीत, उन्हाला न घाबरणारा. पण मी उठलो की तो मागाहून उठे. वरचा सूर काही आला नाही. दोन दिवस प्रयत्न करून लेकीने आम्हाला कपाटात टाकलं. मित्रांनो, तिथे मी अकरा वर्षं होतो. मी फार एकटा होतो. शेजारी कुणी नसणं परवडलं, पण शेजारी असून सूर न जुळणं फार वाईट.

एक दिवस बाबांचा फोन आला. दुकान बंद केलं होतं त्यांनी. "ठमे, तो डबा घेऊन ये की. मी कधी ऐकलाच नाही गं नीट." लेकीने डबा उघडला. एकाच टोपीवर लाल ठिपका. झाकणाच्या आत बाबांचं पेन्सिलीचं अक्षर होतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. "जोडी फोडू नये. तापले तर दहा मिनिटं थांबावं."

मग गिटारीच्या पेटीचे सगळे कप्पे तिने उलटेपालटे केले. तारांच्या जुन्या पाकिटाखाली ती पुडी सापडली. काढताना कापल्यामुळे जोडीदाराचे पाय आखूड झाले होते. तिने तारेचे तुकडे जोडून, स्वतःच्या हाताने डाख देऊन त्याला माझ्याशेजारी बसवलं. मला रडता आलं असतं, तर रडलो असतो.

बाबांच्या खोलीत तिने तो सूर छेडला आणि आम्ही दोघं उठलो, एकदम, बरोबर. इतके चांगले आम्ही कधीच गायलो नव्हतो. बाबा कानामागे हात धरून ऐकत होते. उतारवयात त्यांच्या कानांतून आधी वरचे सूर गेले होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"खालचा येतोय," ते म्हणाले. "वरचा नाही येत. तापले असतील बिचारे. दहा मिनिटं थांबू या."

लेकीने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"हो बाबा," ती म्हणाली. "थांबू या."

मित्रांनो, वस्तू रुसली तर लगेच तिची जोडी फोडू नका. जरा थांबा. थांबायला सांगणारं माणूस घरात असेल, तोवर त्याच्याजवळही थांबा.

ती दहा मिनिटं बापलेक दोघंही घड्याळाकडे बघत बसली होती. आम्ही केव्हाचे थंड होतो.