वेंडेलचा मासा

"तिला सांगू नकोस हं, हाल्वर."

दर उन्हाळ्यात होडीतून उतरताना वेंडेल हे एकदा म्हणायचा, आणि काठावर घ्यायला आलेल्या बायकोकडे हात हलवत चालू लागायचा. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. तरी वल्ही पाण्यात गेली, की नावाडी हाल्वरला तो आवाज ऐकू यायचाच. नदी आवाज जपून ठेवते.

आज पुढच्या बैठकीवर वेंडेलची बायको लॉर्ना बसली होती. डोक्यावर नवऱ्याची टोपी, कानांपर्यंत उतरलेली. हातात त्याचीच गळाची काठी.

"कुठंय तो खडक?"

"वळणापलीकडे, बाई."

"ओठावर व्रण असलेला बास मासा. दरवर्षी तिथेच निसटायचा म्हणे! घरी येऊन एवढे हात पसरायचा मेला. मासा वर्षाला वीतभर वाढायचा."

"नदी चांगली आहे आपली," हाल्वर म्हणाला.

ती हसली. मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "हाल्वर, मुठीचं हे बूच बघ. पांढरंशुभ्र. इतकी वर्षं मासे धरणाऱ्याच्या काठीची मूठ अशी राहते?"

हाल्वरने वल्ही मारली.

"वाढदिवसाला ही सहल मीच द्यायचे त्याला. दुसरं काय देणार? चर्चचं गायन मी बसवते, त्यात हौसेने यायचा; मी त्याला पुढच्या रांगेतून मागे नेलं, नंतर ऐकणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. गळा म्हणजे कावळा! घरातसुद्धा गुणगुणू दिलं नाही कधी. निदान मासे तरी त्याचे होते."

खडक आला. तिने गळाला लावलेली पिसांची खोटी बेडकी सावलीत टाकली. बेडकी डुचमळली, थांबली, आणि पाणी फाटलं. तांबूस अंगाचा बास हवेत उसळला, काठी वाकली, लॉर्ना ओरडली, टोपी डोळ्यांवर आली. हाल्वरने मासा खालच्या ओठाला धरून वर घेतला. लाल डोळा, ओलं ऊन. आणि ओठावर जुना व्रण.

या नदीत धरलेला मासा सोडायचा रिवाज. निम्म्या माशांच्या ओठांवर व्रण होते.

"तोच का रे?" तिचा आवाज लहान झाला होता. "खरं सांग. मी पुन्हा येईनसं वाटत नाही."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. हाल्वरने मासा पाण्यात धरला, कल्ले हलेपर्यंत थांबला, मग हात उघडला.

"तसा मासाच नव्हता, बाई. त्याने गळ कधी पाण्यात टाकलाच नाही. या खडकापासून पुलापर्यंत तो गायचा. तुमच्या चर्चमधलीच गाणी, सगळी, मोठ्यानं. आणि बेसूर होता खरा... पण ऐकायला मी वल्ही उचलून धरायचो."