बंबाची राख

"आत्ता न्हाई जमायचं, बाई. चांदनं हाय." मागच्या अंगणात, आंब्याखाली मान वर करून उभा असलेला शिदू म्हणाला. "चांदन्यात ह्या माश्या निजत न्हाईत. अवस यिऊ द्या, मंग काडतो."

वर आडव्या फांदीला सुपाएवढं आग्यामोहोळ लोंबत होतं. काळं, आणि मधूनच अंगावर शहारा यावा तसं हलणारं. त्याच्या खालीच आमचं न्हाणीघर.

"अमावास्येला काढून मला काय उपयोग?" मी म्हटलं. "सोमवारी त्रिपुरी पौर्णिमा. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आहे. याच अंगणात अकरा मेहुणं जेवायला बसायची आहेत."

"मंग म्होरल्या सोमवारी करा. म्हादेव काय कुटं जातोय?"

भांडी घासणारी त्याची बायको, बायडाबाई, हसली. "तुमी गप ऱ्हावा. त्यांच्या देवाला तारीक आसती. आपला बसतोय वाट बगत."

शिदू कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला. नागफणीच्या कड्यावर दोर सोडून मध काढायचा. लोणावळ्यात बंगले झाले तसं बंगलेवाले त्याला पोळी काढायला बोलावू लागले. माश्या जाळा म्हटलं तर तो परत जायचा. ओल्या पाल्याचा धूर द्यायचा, पोळं कापायचा आणि चार बोटं पोळं फांदीला ठेवायचा. "त्यांचं घर हाय," म्हणायचा.

मी अडूनच बसले, तेव्हा तो म्हणाला, "बरं. सोमवारी पाटं येतो, उजाडायच्या आत. गारठ्यानं बधिर आसत्यात. पर माज्या धुराबिगर दुसरा धूर नगं. दोन धूर झालं की त्या बिथरत्यात."

"आनि म्या बी इस्तू शिवनार न्हाई," बायडाबाई म्हणाली. नवरा वर असेपर्यंत त्यांच्यात बायको चूल पेटवत नाही, केसांना फणी लावत नाही. तो उतरला की मग. चार वर्षं ती माझ्याकडे होती, पण हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी पहाटे शिदू झाडावर चढला. बायडाबाई केस मोकळे सोडून मागच्या पायरीवर बसली होती. मला दोन दिवस अंगात कणकण होती. गुरुजी उजाडताच यायचे होते आणि अंघोळीवाचून पूजेच्या भांड्यांना हात लावता येत नव्हता.

"बायडाबाई, बंब तेवढा पेटव गं. चुलीचं मी बघते मागाहून."

"न्हाई, बाई." ती हळूच म्हणाली. "आजच्या दिस गार पान्यानं करा की."

"एवढ्याशा बंबाचा कसला धूर! भोळी आहेस."

ती पायरीवरून हलली नाही. मीच दोन गोवऱ्या आणि करवंटी घालून बंब पेटवला. तोंडी शिवाचं नाव चालू होतं. गोवऱ्या दवानं ओलसर होत्या. धूर सरळ वर गेला आणि फांदीखाली पसरला.

तापल्या कढईत पाणी पडावं तसा आवाज झाला.

"इस्तू इझवा!" शिदू एकदाच ओरडला.

मी बंबात तांब्या ओतला. त्यानं धूर आणखीच झाला. मग फांदी मोडल्याचा आवाज आला. पोळं आणि माणूस बरोबरच खाली आले. मी दार लावून घेतलं होतं. बायडाबाई बाहेर होती. पदर त्याच्या तोंडावर टाकून ती त्याच्या अंगावर आडवी पडली होती.

ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी घोंगडी पांघरून दोघांना बैलगाडीत घातलं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत शिदूचा श्वास चालू होता.

गुरुजी म्हणाले, संकल्प सोडलेला आहे, आता मोडता येत नाही. दुपारी अंगण झाडून घेतलं. एक माशी उरली नव्हती. मी अकरा मेहुणांना चूर्मा वाढला. "अंगण बाकी छान मोकळं झालं हो," कुणीतरी म्हणालं.

महिन्यानं बायडाबाई कामावर आली. एक पापणी अजून सुजलेली. केस तसेच, जटा धरलेले. पदराखालून तिनं फडकं बांधलेली वाटी काढून ओट्यावर ठेवली.

"पोळं पडलं त्यातला दिरानं यिवून येचला हुता. म्या गाळून ठिवलाय. पूजेला मध लागनार हुता नव्हं तुमास्नी?"

मी म्हटलं, "बायडाबाई, केस तरी विंचर गं. मी तेल देते."

"त्यो उतरल्याबिगर फनी लावायची न्हाई, बाई." तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "त्यो उतरला कुटं? पडला."

मग ती न्हाणीघराकडे वळली. त्या दिवसापासून आमचा बंब पेटला नव्हता. तळाशी ती राख तशीच होती. तिनं ती ओंजळीनं काढली, अंगणात बसकण मारली, आणि त्याच राखेनं बंब घासू लागली.