भिंतीवरची सिमांगेले

माझ्या मधोमध एक मुलगी उडी मारते आहे. तिची जागा मोकळी आहे, म्हणून तर रंग आरपार जातो. मी साचा आहे, बुलावायो शहरातल्या मकोकोबा वस्तीत जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेला.

मला कापलं मथुलिसीने. तो पाट्या रंगवायचा. न्हाव्याच्या दुकानापासून शवपेट्यांच्या दुकानापर्यंत वस्तीतली सगळी अक्षरं त्याच्याच हातची. एके दिवशी त्याच्याकडे नोबुखोसी आली. नाचणारी बाई. गुडघा गेल्यावर तिने बिअर हॉलच्या मागच्या खोलीत मुलींना शिकवायला घेतलं होतं. वर्गाचं नाव ठेवलं 'गिडा', म्हणजे नाच. आता तिला एक खूण हवी होती. वर्गाच्या भिंतीवर तीच, मुलींच्या सदऱ्यांवरही तीच.

तिने कागद पुढे केला. त्यावर ढोल, पिसं, सूर्य, आणि मध्ये तिचा स्वतःचा फोटो.

"ही वर्गाची खूण आहे की लग्नाची पत्रिका?" मथुलिसी म्हणाला.

"थट्टा नको मामा. इथे काय चालतं ते लोकांना कळायला हवं."

"मग एकच गोष्ट दाखव. धावत्या बसमधून दिसली पाहिजे. आणि तुझा फोटो काढून टाक. तू नाचायचीस ते ठाऊक आहे सगळ्यांना. आता कोण नाचतंय?"

नोबुखोसीने कागदाची घडी घातली. मग तिने बाहेर थांबलेल्या सिमांगेलेला हाक मारली.

सिमांगेले तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. उंच, काटकुळी, हसताना तोंडावर हात धरणारी. दुपारच्या उन्हात ती भिंतीजवळ उड्या मारत राहिली आणि मथुलिसी कोळशाने सावलीचा एकेक तुकडा पकडत गेला. कधी टाच, कधी मान.

"पुन्हा मार पोरी, कोपर राहिलं."

"मामा, कोपर माझं काढताय की जिराफाचं?"

मग तो आकार त्याने फिल्मवर उतरवून कापला. चेहरा मात्र कोरला नाही. कुठल्याही मुलीला वाटलं पाहिजे की ही मीच, असं तो म्हणाला. रंग एकच ठेवला, नारिंगी. खाली 'गिडा'.

माझे चांगले दिवस तेच. भिंतीवर उमटलो, सदऱ्यांवर उमटलो. वर्गात मुली वाढल्या. वर्ग सुटला की त्या भिंतीशी उभ्या राहून तशीच उडी मारून बघायच्या आणि एकमेकींना चिडवायच्या.

मग जोहान्सबर्गचा एक माणूस आला. हॉटेलात नाचणाऱ्या मुली हव्यात म्हणाला. सिमांगेलेची आई मान्याथी बाजारात मोपानी झाडावरच्या, खायच्या वाळवलेल्या अळ्या विकायची. तिचं मन तयार होईना.

"पाठव गं," नोबुखोसी तिला म्हणाली. "माझा गुडघा धड असता तर मीच गेले असते."

सिमांगेले नारिंगी खुणेचा सदरा घालून बसमध्ये चढली. सुरुवातीला फोन आले. मग यायचे थांबले. नोबुखोसी लंगडत तिकडे जाऊन आली. हॉटेलवाल्यांनी ना त्या माणसाचं नाव ऐकलं होतं, ना मुलीचं. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बायका आपापल्या मुली काढून घेऊ लागल्या. माझ्या चित्राला वस्तीत 'उडालेली पोर' म्हणायला लागले.

"नवी खूण काढू," मथुलिसी म्हणाला. "ढोल काढू. तुला हवा होता ना?"

"आणि ती परत आली तर? आम्ही तिला पुसून बसलो, हे दाखवू?"

एका सकाळी मान्याथी चुन्याची बादली घेऊन आली. "पूस तिला," ती म्हणाली. नोबुखोसीचा हात उठेना. शेवटी मान्याथीनेच ब्रश घेतला आणि पायांपासून वर फिरवत नेला. डोक्यापाशी आल्यावर तिने शेजारी उभ्या मथुलिसीला विचारलं, "चेहरा का नाही काढला हिचा?"

मथुलिसीने बादली उचलून तिच्यापुढे धरली. तिने डोक्यावरही चुना फिरवला.

मग दोघी त्याच ओल्या भिंतीखाली बसल्या.

"मान्याथी, मीच म्हटलं होतं पाठव म्हणून."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुझ्या दारात आले. दुसऱ्या कुणाशी बोलू तिच्याबद्दल?"

त्या खोलीत आता बिअरचे क्रेट असतात. नोबुखोसी शाळेचे गणवेश शिवते. मी मथुलिसीच्या शेडमध्ये खिळ्याला लटकतो आहे. वाळलेल्या रंगाने माझ्या कडा जाड झाल्या आहेत आणि मुलीच्या पावलापाशी चीर गेली आहे. तो मला फेकत नाही, वापरतही नाही.

तुमच्यापैकी कुणी जोहान्सबर्गला असाल आणि नारिंगी खुणेच्या सदऱ्यातली उंच मुलगी दिसली, तर तिला सांगा, आईने फोनचा नंबर बदललेला नाही. एवढंच माझं मागणं. पण सदरा तर केव्हाच विरला असेल.