खाऊचा नंबर

डबा उघडला तसं सगळ्यांचं पोट भरलं.

"मी तं घरून खाऊनच निघालो बावा," फुलचंदसेठ म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करू लागला.

"माह्यं ॲसिडिटीचं चालू हाय," दवाखानेवाल्या डॉक्टरनं स्वतःचं निदान स्वतःच केलं.

गोविंद सरांनी तर डब्याकडे पाहिलंच नाही. रस्त्याकडेचा पळस जणू त्यांच्यासाठीच फुलला होता, असे ते त्याच्याकडे बघत राहिले. धम्मदीपा डबा पुढे धरून उभी. हात अवघडला तरी तिनं तो मागे घेतला नाही.

"सर, तुमी तरी घ्या. दाण्याचे हायेत, गुळातले."

"नंतर घेतो ना ताई. ठेवा, ठेवा."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे कंडक्टरला कोणी शिकवावं लागत नाही. धम्मदीपा वाशीमच्या डेपोत कंडक्टर होती. मानोऱ्याच्या गाडीत दिवसभर तिच्या हातचं तिकीट सगळी दुनिया घेते. तेव्हा कोणाला ॲसिडिटी होत नाही.

रविवारी सकाळी वाशीमहून मंगरूळपीरच्या रस्त्याला निघणारी ही सहा जणांची टोळी. दुकानदार, मास्तर, डॉक्टर, आणि त्यांच्यात ही एक कंडक्टर. पातळ टायरच्या, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल वळलेल्या सायकली. असल्या सायकलीला ना कॅरिअर ना टोपली. शर्टाच्या पाठीवरच्या खिशांत मावेल ते आपलं. म्हणून टोळीनं नियम केला होता. दर रविवारी एकाचा नंबर. ज्याचा नंबर त्यानं सगळ्यांचा खाऊ न्यायचा, ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान न्यायचं, आणि जो मागे पडेल त्याच्यासोबत थांबायचं. बाकीच्यांनी मोकळ्या खिशांनी पळायचं. धम्मदीपाची सायकल दुसऱ्यानं वापरून टाकलेली. तिच्या सांगाड्याच्या तिकोनात बरोबर बसेल अशी पिशवी तिनं जुन्या छत्रीच्या कापडाची शिवली होती.

सेठच्या नंबराला कचोऱ्या असायच्या. सरांच्या नंबराला त्यांच्या बायकोनं लावलेली थालीपीठं. धम्मदीपानं सगळं बोटं चाटून खाल्लं. तिचा नंबर आला की मात्र ग्रुपवर सरांचा मेसेज यायचा : 'ताई, तुम्ही केळीच आणा. उगाच त्रास नको.' तिला वाटायचं, किती समजूतदार माणूस! बाईची नोकरी, ड्यूटीची वेळ धड नाही, घरी म्हातारी माय. जाण आहे माणसाला.

तिनं हे कौतुकानं मायला सांगितलं तेव्हा दुर्गाबाई भाकर थापता थापता हसली.

"केळाले साल असते, पोरी."

"मंग?"

"मंग काय? सालीच्या आत तुहा हात लागत नाही."

धम्मदीपा भडकली. "माय, तुह्या वेळचं तुह्यापाशी ठेव! शिकले-सवरले लोक हायेत ते. कायले सगळ्यायले एकाच मापानं मोजतं?"

"शिकला हाय म्हनून तं गोड बोलला. अडानी असता तं तोंडावर बोलला असता. तुह्यं आडनाव तरी इचारलं का कोनी? नावच पुरलं त्यायले."

मायलेकींचं बोलणं बंद झालं. शनिवारी संध्याकाळी धम्मदीपानं शेंगदाण्याची पिशवी ओट्यावर आपटली. "उद्या लाडूच नेईन." दुर्गाबाईनं कढई चढवली. दाणे भाजले, फोलं पाखडली, गूळ किसला आणि गरम असतानाच लाडू वळले. धम्मदीपाला फक्त मायला खोटं पाडायचं होतं. बाकीच्या पाचातल्या एकानं एक लाडू उचलला असता तरी माय खोटी पडली असती.

आता तिनं डबा बंद केला.

"ट्यूब हाय ना जवळ?" सेठनं विचारलं.

"हाय."

"मंग ठीक."

तिच्या पिशवीतली ट्यूब चालते. तिच्या पंपानं भरलेली हवा चालते. त्याच पिशवीतला लाडू चालत नाही.

टोळी उपाशीच परत फिरली. दुसरं काही खायला कोणाजवळ नव्हतंच, नियमच तसा. ऊन चढलं. फुलचंदसेठ मागे पडू लागला. आधी पाय जड झाले, मग हँडल डुलायला लागलं. बाकीचे पुढे निघून गेले. जिचा नंबर ती थांबली.

सेठ बाभळीखाली बसला. अंगाला गार घाम, हात थरथरत होते, घरून खाऊन निघालेल्या तोंडावरचा रंग पार उडालेला.

"मॅडम... अंधारी येऊन राह्यली. काही गोड हाय का?"

"लाडू हायेत."

"बिस्कीट-गिस्कीट? पाकिटातलं?"

"लाडू हायेत."

"पुढं एखांदं दुकान..."

"हाय ना. जाता येईन का तुमाले तिथवर?"

सेठनं रस्त्याच्या इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग त्यानं डब्यात हात घातला. पहिला लाडू चावलाच नाही, गिळला. मग दुसरा. मग तिसरा, जरा चवीनं. त्याच्याकडे बघताना धम्मदीपाला जे वाटलं, त्याबद्दल पुढे तिला स्वतःचीच चीड आली. तिला आनंद झाला. हरली माय, असं वाटलं.

"झकास झाले. कोनं केले?"

"मायनं."

"वा, वा." सेठनं बोटं रुमालाला पुसली. तोंडावर रंग परतला, आणि त्याच्या मागोमाग अक्कलही परतली. "मॅडम, एक सांगू का? हे आपल्या आपल्यातच ठेवजा. म्हंजे, मी काही मानत नाही, तुमाले मालूम हाय. पन चार लोकायत राहा लागते. घरी आमची आई हाय जुन्या वळनाची..."

"चाला," धम्मदीपा म्हणाली.

फाट्यावर बाकीचे सावली धरून थांबले होते.

"काय झालतं सेठ?"

"काही नाही सर, चेन उतरली होती."

धम्मदीपानं एक पाय जमिनीवर टेकवला. "चेन नाही उतरली. सेठ भुकेनं बसले होते. माह्या मायच्या हातचे लाडू खाल्ले, तवा उठले."

सेठचं तोंड लाल झालं. "काय बोलून राह्यल्या मॅडम! मी काहून खाईन? घरून खाऊन निघालो म्हनून सगळ्यायच्या देखत सांगितलं ना मी!"

"डबा दाखवू का?"

"तुमी खाल्ले असान!"

डॉक्टर खाली वाकून गिअरची तार तपासू लागला. बाकीच्या दोघांना एकाच वेळी फोन आले. गोविंद सर तेवढे हसले, वर्गातलं भांडण मिटवताना हसावं तसे. "ताई, सकाळी सकाळी कायले वाद? कोनं काय खाल्लं, काय फरक पडते? आपन खेळाडू मानसं. चला, वारा उलटला पाहा. तुमी व्हा पुढे."

वारा खरंच समोरून सुटला होता. असल्या वाऱ्यात सायकली एकामागे एक लावतात. पहिला छातीवर वारा घेतो, मागच्यांना त्याच्या पाठीचा आडोसा मिळतो, निम्म्या जोरात काम होतं. पाळीपाळीनं पुढे यायचं, असा जगभरचा रिवाज. या टोळीत उलटा वारा असला की पुढे धम्मदीपाच. "ताईचा दम भारी," सर म्हणायचे, आणि तिला तो मान वाटायचा.

सगळ्यांनी सवयीनं तिच्या मागे सायकली लावल्या. सेठसुद्धा मुकाट्यानं दुसरा उभा राहिला, तिच्या चाकाला चाक जवळजवळ टेकवून.

धम्मदीपानं पिशवीची चेन ओढली. ट्यूब काढली, पंप काढला, पंक्चरचं सामान काढलं आणि फाट्याच्या दगडावर मांडून ठेवलं.

"हे काय ताई?"

"तुमचं तुमी न्या."

"असं काय करता? येत्या रविवारी—"

"मी नाही आता रविवारी."

तिनं सायकल रांगेतून काढली, डांबरी ओलांडून पलीकडच्या कडेला नेली आणि निघाली. वारा असा अंगावर आला की पहिलं पायडल दाबताना गुडघा कुरकुरला. एकटीला वाशीम लांब पडणार होतं. रविवारच्या सकाळी आता घरात बसून काढाव्या लागणार होत्या, हेही तिला ठाऊक होतं. ती हळूहळू जात राहिली.

मागे फाट्यावर पाच सायकली एका रांगेत उभ्या होत्या. पाचही पाय जमिनीला टेकलेले. पहिली जागा रिकामी, आणि तिथे जायला कोणी हलत नव्हतं.