शेकलेली होडी

शे नावाचा आमचा गाववाला वारला तेव्हा त्याची बायको म्वानाईशा इद्दतीला, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात राहण्याला, बसली आणि होडी सांभाळायला तिचा धाकटा दीर फमाउ याच्याकडे गेली. काम साधं होतं. दर उधाणाला होडी वाळूवर ओढायची, कलती करायची, बुडाखाली वाळक्या झावळ्या पेटवून आतली लाकूड पोखरणारी अळी मरेपर्यंत लाकूड शेकायचं, वर मुशी माशाचं तेल आणि चुना चोपडायचा. आमच्या मातोंदोनी गावात हे सगळ्यांनाच येतं. फमाउनं ते एकदाही केलं नाही. तिवरांच्या खाडीत, कोमट पाण्यात होडी बांधून ठेवली आणि अळीला खाऊ दिली. वरून रंग तेवढा नवा दिला. होडी गेली की वहिनी निकाह लावून आपल्याच दारात येईल, असं त्यानं धरलं होतं.

इद्दत संपल्यावर ती किनाऱ्यावर आली. ओहोटी होती. फमाउ होडीला टेकून विडा चघळत होता.

“बघ वहिनी. भाऊ ठेवून गेला तश्शी आहे.”

म्वानाईशानं दगड उचलून बुडावर ठोकला. आवाज भद्द आला. खाली बसून तिनं बोटांनी टाचणीएवढी भोकं चाचपली आणि एका भोकात खिळा दाबला. उकडलेल्या कसाव्याच्या कंदात जावा तसा तो आत गेला. बाहेर आला तो पांढऱ्या, बुळबुळीत अळीसकट.

“लाकूड जुनं झालं,” फमाउ म्हणाला. “आता खाशील काय? माझ्या घरात जागा आहे. माझ्या बायकोला, झेनाला, सांगून ठेवलंय मी.”

“तू शेकत होतास ना?”

“दर उधाणाला.”

“मशिदीपुढं सांगशील?”

मशिदीबाहेरच्या ओट्यावर आम्ही चारचौघं बसलो होतो, मध्ये म्हातारा बकारी. फमाउनं शपथ घेतली. आता माघार घेणं त्याला शक्य नव्हतं.

“मग होडी त्याचीच,” म्वानाईशा म्हणाली. “इतकी जपली त्यानं. आज एकदा खडकांपलीकडं नेऊन आणू दे, म्हणजे माझं मन निवेल.”

फमाउचं चघळणं थांबलं.

“जा की,” बकारी म्हणाला. “सोबतीला कुणीतरी घे.”

“नको,” म्वानाईशा म्हणाली. “दुसऱ्या कुणी तिच्यात पाय ठेवायचा नाही.”

होडी आतून पोखरलीय, हे तेव्हा आम्हाला कळलं.

“अंगात ताप आहे माझ्या,” फमाउ म्हणाला.

“शपथ घेताना नव्हता,” बकारी म्हणाला.

फमाउ गेला. खडकांपाशी पहिलीच मोठी लाट लागली आणि बूड फाटलं. डोलकाठी त्याच्या मांडीवर कोसळली. त्याचं ओरडणं किनाऱ्यापर्यंत येत होतं. आमची होडी तयार होती, पण बकारीनं हात आडवा धरला.

“बसा जरा.”

आम्ही बसलो. आणला तेव्हा तो जिवंत होता, पण पाय कायमचा गेला.

फळ्या वाहून आल्या, तशा म्वानाईशानं वेचल्या, वाळवल्या, दाराशी रचल्या आणि रोज थोड्या चुलीत घातल्या. एका दुपारी फमाउची बायको झेना तिच्या दारात उभी राहिली.

“लंगडा गळ्यात बांधलास माझ्या.”

“सवत आली असती त्यापेक्षा बरा.”

झेनानं ढिगातल्या दोन फळ्या काखेत मारल्या.

“घरात जळण नाही,” म्हणाली, आणि गेली.