चार मात्रांचं गाणं

नवं गाणं ऐकलं आणि दादाच्या मनात पाल चुकचुकली. चार मिनिटांचं गाणं! सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ चार मात्रा, आणि कोरस असा की एकदा कानावर पडला तर भांडी घासताना तोंडात येईल. आता तुम्हीच सांगा, ज्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडनं पंधरा वर्षं सात, अकरा, तेरा मात्रांची लांबलचक गाणी वाजवली, ऐकणाऱ्यांना मान कधी डोलवायची हे कळू दिलं नाही, त्याला अचानक लोकांच्या सोयीचा एवढा पुळका का यावा?

"लोकांना गुणगुणता यायला हवं रे दादा," धाकटी बहीण म्हणाली. गिटार तिची, गाणी तिची, हा नवा शहाणपणाही तिचाच. बेस वाजवणारा जाड्या नुसता हो ला हो करत होता. एरवी चहात साखर किती यावरूनही वाद घालणारा जाड्या! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

दादा ड्रमवर. दिवसभर फर्निचरच्या कारखान्यात फळ्या घासायच्या आणि संध्याकाळी अकरा मात्रा मोजायच्या. त्या त्याच्यासारख्या कुणी मोजत नाही असं लोक म्हणायचे, आणि तोही ते कधी नाकारायचा नाही. पण गेलं वर्षभर त्याचं डावं मनगट ठणकत होतं. वर लांब बाह्या, आत पट्टी. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. ड्रम सुटला तर मागे उरायचं काय, फळ्या?

आणि नेमकं आत्ताच हे सोपं गाणं. असलं गाणं तर कुणीही वाजवेल. म्हणजे आपला पत्ता कट! दुसरा कुणीतरी यांनी हेरून ठेवलाय, याची त्याला खात्रीच पटली.

रविवारी दुपारी तो तासभर आधीच सरावाच्या खोलीत पोचला. छापखान्याच्या वरची खोली, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. प्रत्येक सराव बहिणीच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड व्हायचा आणि लॅपटॉप तिथेच असायचा. त्यानं तो उघडला. एका फोल्डरचं नाव होतं 'दादा'.

"सापडली चोरी," तो स्वतःशीच पुटपुटला.

आत तिसेक तुकडे होते. सगळे जुन्या गाण्यांचे, सगळ्यांत ड्रमवर तोच. पहिल्यात नवव्या मात्रेला त्याचा डावा हात किंचित मागे पडला, आणि गिटार त्याच्यासाठी तेवढीच रेंगाळली. बेससुद्धा. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. प्रत्येक तुकड्याखाली बहिणीची टीप होती: 'जाड्या, इथे आपण थांबायचं. दादाला कळता कामा नये.' सगळ्यात शेवटची टीप नव्या गाण्याची होती: 'चार मात्रा. डाव्या हाताला कमी काम.'

वर्षभर आपण छाती फुगवून फिरलो आणि ही दोघं आपल्याला सांभाळून घेत होती!

दार वाजलं. बहीण आत आली, मागे जाड्या. तिनं लॅपटॉप पाहिला आणि गिटारची पिशवी हळूच खाली ठेवली.

"बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू कधी बोललास?"

त्यानं बाही वर केली. पट्टी दिसली.

"सुटलो बाबा," जाड्या म्हणाला. "तुझ्या त्या बाह्या बघून मलाच घाम फुटायचा."

"आणि ते लोकांनी गुणगुणायचं?" दादानं बहिणीला विचारलं.

"लोक गेले उडत," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कुणाबरोबर मला वाजवायचंच नाहीये. बस आता."

दादा ड्रममागे बसला, स्टिक्स उचलल्या आणि मोठ्यानं चार मोजले. गाणं सुरू झालं. कोरस आला, परत एकदा आला, गाणं संपलंसुद्धा. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्यासाठी कुणाला थांबावं लागलं नव्हतं.