पाण्याले हसली की

मंजुळा भुकेला नुसती कुरकुरायची. पडली तर आधी इकडेतिकडे बघायची. पण घंगाळात पाणी ओतल्याचा आवाज आला की ओठ काढायची, आणि मग सोनाळ्यातली अर्धी आळी तिचं रडणं ऐकायची.

तिची आई पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाराव्या दिवशी तापात गेली. बारसं राहिलं ते राहिलंच. पुष्पाच्या बापानं, पुंजाजीनं, नातीला आपल्या गेलेल्या बायकोचं नाव लावलं, कारण त्या घरात हाक मारायला तेवढंच एक नाव सवयीचं होतं.

शेजारची रुखमाबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घाली. तिसऱ्या महिन्यात पोर एकदा साबणानं निसटली, नाकातोंडात पाणी गेलं. त्यानंतर ती रुखमाबाईच्या पायांवर टिकेना. पुंजाजीच्या हातात मात्र रडून रडून शेवटी गप व्हायची. पुरुषमाणूस पोर न्हाऊ घालतो म्हणून बाया आधी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली.

सहाव्या महिन्यात रोहिणखेडहून विहीण आली, सत्यभामाबाई, नातीला न्यायला. दोन दिवस पोर तिच्या हातून न्हाली नाही, निळी पडेस्तोवर रडली.

"राहू द्या इवाई," जाताना सत्यभामाबाई म्हणाली. "पाण्याले हसली की नेईन. लेकरू शेवटी आमच्या घरचं हाये."

"हाव," पुंजाजी म्हणाला. हे काही लवकर होत नाही, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

पण रडणं रोजचं होतं, आणि त्या घरात दुसरा आवाजच नव्हता.

मंजुळाच्या बापानं, शेषरावनं, खामगावच्या बाजारातून सेल्युलॉइडचं एक बदक धाडलं होतं. ते तरंगायचं, बस. मंजुळानं दोन दिवस पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुंजाजीनं मात्र बदकाचा पिच्छा सोडला नाही. एका बैलाकडून नांगर होतो, वखर होतो, बंडीही होते. मग बदकानं एकच काम काऊन करावं? त्यानं ते पाण्यात पितळी वाटीखाली दाबलं आणि वाटी उचलली. बदक टुणकन वर आलं. मंजुळा अर्धा हुंदका तसाच ठेवून बघत राहिली.

मग त्यानं ज्वारीचा धांडा सोलून त्याच्या हलक्या गराची दोन चाकांची बंडी केली आणि दोऱ्यानं तिला बदक जुंपलं. गर पाणी प्यायचा, दोन दिवसांत बंडी फुगून बसायची. तो ओट्यावर बसून नवी करायचा. चहाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाच भोकं पाडली. डबा उचलला की पाच धारा, आणि मंजुळाची बोटं त्या धरायला धावायची. हळूहळू त्याला कळत गेलं, सगळं एकदम पुढं टाकलं तर पोर कशाशीच खेळत नाही. एक द्यावं, एक मागं ठेवावं. चार दिवस दडवून काढलं तर जुनंच नवं होऊन येतं.

दहाव्या महिन्यात एका सकाळी वाटी आडवी झाली, पाणी प्याली आणि बुडता बुडता 'गुडूप' बोलली. मंजुळा हसली. पोटातून, होते नव्हते ते दोन्ही दात दाखवून.

पुंजाजीही हसला. मग उठून त्यानं न्हाणीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन महिने ते दोघं दार लावून हसले.

रोहिणखेडहून कार्ड आलं: गुरुवारी येते. गुरुवारी सकाळी पुंजाजीनं बदक, वाटी, बंडी, डबा, सगळं कणगीमागं ठेवून दिलं.

सत्यभामाबाई दोन एसट्या बदलून आली. अंगणातूनच तिचा आवाज घरात शिरला.

"काय इवाई! आमी तं ऐकलं, तुमी पार आयाच झाले. आता लुगडंच धाडा म्हनता का?"

"धाडा. पण नऊवारीच धाडजा."

ती खळखळून हसली, आणि हसता हसताच पदर खोचून नातीला न्हाणीत घेऊन गेली. पुंजाजी ओट्यावर बसला.

पोर रडू लागली. पण हे रडणं वेगळं होतं. मध्येच ती थांबायची, पाण्यावर हात आपटल्याचा आवाज यायचा, एकदा, दोनदा. मग पुन्हा रडणं. ती काहीतरी यायची वाट बघत होती. ते काय, हे त्या गावात एकट्या पुंजाजीला ठाऊक होतं.

"नाई होत बाई माह्या हातून," आतून सत्यभामाबाई म्हणाली. आवाज दमलेला होता. "या इवाई, घ्या तुमची नात. मी आपली दुपारच्या गाडीनं परत जाते."

पुंजाजी उठला. झालं होतं त्याच्या मनासारखं. तो दारात आला, आणि मंजुळा रडायची थांबली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

तो वळला. कणगीमागून सगळं काढून घेऊन आला, घंगाळापाशी उकिडवा बसला, आणि बदक वाटीखाली दाबून हळूच म्हणाला:

"बदक गेलं गावाले, वाटी म्हने राहू दे,
पान्याखाली घर त्याचं, मंजुळाले पाहू दे."

वाटी उचलली. बदक वर आलं. मंजुळा खदखदली, पाणी दोघांच्या तोंडावर उडालं.

सत्यभामाबाईनं तोंड पुसलं नाही.

"कवापासून?"

"दोन महिने झाले."

"अन् मले कळवलं नाई."

"नाई."

मग तिनं मंजुळाच्या पाठीवर ओंजळभर पाणी सोडलं आणि म्हणाली, "माह्या घरात बी शेषरावबिगर कोनी नाई, इवाई. तो दिसभर वावरात. सांगा, कसं करता ते."

पुंजाजीनं सांगितलं. बंडी आधी नाई द्यायची, शेवटी द्यायची. धांडा वाळलेला पाह्यजे. डब्याच्या भोकाची धार लेकराच्या डोळ्यात नाई गेली पाह्यजे. एका दिवशी दोनच खेळ, तिसरा लपवून ठेवजा.

तिनं वाटी हातात घेतली. "बदक गेलं गावाले, वाटी म्हने जाऊ दे…"

"जाऊ दे नाई. राहू दे."

"हाव, राहू दे." तिनं पुन्हा सुरुवात केली, नातीकडे बघत, आणि नादात पुन्हा तेच म्हणाली, "वाटी म्हने जाऊ दे…" वाटी उचलली. मंजुळा तितकंच हसली, त्याच दोन्ही दातांनी, आता सत्यभामाबाईकडे तोंड करून.

पुंजाजीनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"पानी निवून राह्यलं, इहीनबाई," तो म्हणाला. "उचला तिले."